मोटारसायकलची चेन बदलताना: तीन आकडे चिठ्ठीवर लिहून न्या

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या कार्यक्रमात आपण गटाच्या हिशेबाचं बोलतो, कर्जाच्या हप्त्याचं बोलतो, शेळीपालनाचं बोलतो. आज मोटारसायकलच्या चेनबद्दल बोलायचं आहे. तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, ताई, हे आमचं काम नाही, घरातली माणसं बघतात. पण जरा विचार करा. सकाळी दूध डेअरीला जातं ते कशावर? पापड-मसाल्याचं पोतं आठवडे बाजाराला जातं ते कशावर? पोरगी बारावीच्या क्लासला जाते ती कशावर? आणि त्या जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी पैसे लागले की गटाच्या बैठकीत अर्ज कोणाचा येतो? आपलाच. मग पैसे आपल्या सहीने उचलायचे आणि ते कशावर खर्च झाले हे आपल्याला सांगता येऊ नये, हे काही बरं नाही.

चेनचं काम बिघडलं तर नुसती खोळंबा होत नाही. चढावर चेन तुटली तर दूध डेअरीच्या वेळेत पोचत नाही आणि उन्हाळ्यात लवकर नासायला लागतं. चालू गाडीची चेन उतरून चाकात किंवा पुढच्या चक्राजवळ अडकली तर मागचं चाक एकदम जाम होतं, गाडी पडते, आणि कधीकधी इंजिनचं कवच फुटून मोठा खर्च बसतो. म्हणून आज आपण शिकू की जुन्या गाडीची चेन कधी बदलायची, आणि दुकानात जाताना कोणते तीन आकडे लिहून न्यायचे.

आधी ओळख करून घेऊ

इंजिनची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारी ती चेन. ती दोन दातेरी चक्रांवर फिरते. लहान चक्र पुढे, इंजिनला. मोठं चक्र मागे, चाकाला. या चक्रांना स्प्रॉकेट म्हणतात. आपल्याकडे बहुतेक जण "चेन-सॉकेट"च म्हणतात, दुकानदारालाही ते कळतं. चेन आणि दोन्ही चक्रं एका खोक्यात एकत्र मिळतात, त्याला चेन-किट म्हणतात. मी आज पुढचं चक्र आणि मागचं चक्र असंच म्हणणार आहे, म्हणजे गोंधळ नको.

बदलायची वेळ झाली का?

लोक म्हणतात, चेन ताणली. खरं तर लोखंड ताणत नाही. दावणीच्या साखळीची कडी कडीला घासून आतून झिजते, तसं इथे होतं. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते. ती पिन आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकींना घासून झिजतात. एका सांध्यात झीज केसाएवढी, पण चेनला शंभरच्या आसपास सांधे असतात. प्रत्येकात मिलीमीटरचा दहावा भाग झिजला तरी पूर्ण चेन एक सेंटीमीटरने लांब होते.

ही झीज आपल्याला घरी मोजता येते. गवंड्याकडे असते तशी स्टीलची टेप घ्या. शिवणाची टेप नको, ती ताणते. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांच्या नव्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असतं. म्हणजे २० कड्या मिळून १० इंच. गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. एका पिनच्या मध्यावर टेपचा शून्य धरा. ती पिन मोजू नका, तिच्या पुढची पहिली, असं करत विसावी पिन गाठा. चेन ताठ धरून मोजा. १० इंच भरले तर चेन चांगली. १० इंच आणि वर एक सूत भरलं तर पैशांची तयारी सुरू करा. दीड सुताच्या वर गेलं तर आता थांबू नका. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराकडे-गवंड्याकडे आपण हे माप रोज ऐकतो. असं चेनच्या दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

टेप नसेल तर दुसरी खूण आहे. मागच्या चक्राच्या अगदी पाठीमागच्या बाजूला चेन बोटांनी धरून मागे ओढा. चेन दातांवर घट्ट बसलेली असेल तर हलणार नाही. ती उचलली गेली आणि निम्मा दात उघडा दिसला, तर तिचे दिवस भरले.

आता दात बघा. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दात एका बाजूला वाकल्यासारखा, विळ्याच्या टोकासारखा दिसतो. चक्राचे असे विळे झाले असतील तर ते चक्र कामातून गेलं.

तिन्ही एकदम का बदलायचे?

दुकानात आपण विचारतो, नुसती चेन बदलली तर नाही का चालणार? प्रश्न बरोबर आहे, पैसा वाचवायचा असतो. पण उत्तर समजून घ्या. जुन्या चेनच्या कड्यांतलं अंतर वाढलेलं असतं. त्या वाढलेल्या अंतराने दात झिजवलेले असतात. अशा दातांवर बरोबर अर्ध्या इंचाची नवी चेन घातली की ती नीट बसत नाही, दातांच्या वाकलेल्या टोकांना अडकत अडकत फिरते आणि लवकर झिजते. उलटही तसंच. नव्या चक्रांवर जुनी चेन घातली की ती नवे दात खाऊन टाकते. आज निम्मे पैसे वाचतात आणि थोड्याच महिन्यांत पूर्ण पैसे पुन्हा जातात. म्हणून चेन, पुढचं चक्र, मागचं चक्र, तिन्ही एकाच वेळी.

आता ते तीन आकडे.

पहिला आकडा: चेनचं माप

चेनच्या पट्टीवर बारीक अक्षरात ४२८ किंवा ४२० असं कोरलेलं असतं. काजळी पुसली की दिसतं. हा आकडा उगीच नाही, त्यात माप लपलेलं आहे.

पहिला अंक पिनपासून पिनपर्यंतचं अंतर सुतात सांगतो. ४ म्हणजे चार सूत, अर्धा इंच. मागचे दोन अंक चेनची आतली रुंदी सांगतात. ४२० चेनची आतली रुंदी दोन सूत, म्हणजे पाव इंच. ४२८ ची अडीच सूत. बुलेटसारख्या जड गाडीची चेन पाच सुतांच्या अंतराची असते, म्हणून तिच्या चेनचा आकडा ५ ने सुरू होतो.

आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलींना बहुतेक करून ४२८ चेन असते. पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत, म्हणून आपल्या गाडीवरचा आकडा वाचायचाच. ४२० आणि ४२८ मध्ये पिनचं अंतर सारखंच असल्यामुळे दोन्ही हातात घेतल्या तर डोळ्यांना फसगत होते. ४२० ची अरुंद चेन ४२८ च्या जाड दातांवर नीट बसत नाही, आणि ४२८ ची रुंद चेन ४२० च्या पातळ दातांवर डुगडुगते. चेनचं आणि दोन्ही चक्रांचं माप एकच हवं.

आकड्यापुढे कधी एच हे अक्षर असतं, ४२८ एच. एच म्हणजे जड कामाची चेन, तिच्या बाजूच्या पट्ट्या जाड असतात. रोज ओझं वाहणाऱ्या गाडीला ती चांगली. फक्त पट्ट्या जाड असल्यामुळे चेन बाहेरून थोडी रुंद होते, ती कुठे घासत नाही ना, हे बसवताना चाक हाताने फिरवून बघायचं.

रोलॉन, डायमंड अशी चेनची नावं दुकानात ऐकू येतील. नाव जरूर बघा, पण आधी आकडा बघा. चांगल्या नावाची चुकीच्या मापाची चेन काही उपयोगाची नाही.

दुसरा आकडा: दात किती?

दोन्ही चक्रांवर दातांची संख्या कोरलेली असते. गंजामुळे वाचता आली नाही तर मोजा. एका दाताला नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि तिथून मोजत परत ठिपक्यापर्यंत या. दोनदा मोजा.

इथे जुन्या गाडीची एक खास अडचण आहे. आपल्या भागातल्या पुष्कळ गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली, स्प्लेंडर १९९४ साली. यामाहाची आरएक्स १०० तर १९९६ मध्येच बंद झाली, तरी अजून रस्त्यावर दिसते. इतक्या वर्षांत कुणी कधी कोणतं चक्र बसवलं, सांगता येत नाही. म्हणून गाडीवर आज जे दात आहेत तेच कंपनीचे असं धरून चालू नका. गाडीचं पुस्तक असेल तर त्यात बघा. नसेल तर आरसी घेऊन कंपनीच्या अधिकृत पार्टच्या काउंटरवर जा. आरसीवर मॉडेल, चेसिस नंबर आणि गाडी बनल्याचं साल असतं, त्यावरून ते कंपनीचे दात सांगतात. गाडीवर हिरो होंडाचं नाव असेल तर हिरोच्या काउंटरला विचारा, २०११ पासून त्या कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं आहे. नुसतं "स्प्लेंडरचं द्या" म्हणू नका. गाडीचं नाव तेच राहतं, पण सालागणिक मॉडेल बदलतं.

आता दातांचा हिशेब समजून घेऊ. उदाहरणाला धरू की पुढच्या चक्राला १४ दात आणि मागच्याला ४२. ४२ भागिले १४, उत्तर ३. म्हणजे पुढचं चक्र तीनदा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. हा भागाकार जितका मोठा, तितकी चाकाला ओढ जास्त आणि वेग कमी. भागाकार लहान, तर वेग जास्त आणि ओढ कमी.

जात्याचं आठवा. खुंटा कडेला असला तर जातं हलकं फिरतं, पण हाताला मोठा फेरा घ्यावा लागतो. खुंटा मध्याजवळ असला तर फेरा लहान, पण जोर जास्त लागतो. जोर वाचवला की फेरा वाढतो. दोन्ही एकदम मिळत नाही. गाडीचंही हेच आहे.

मागे ४२ च्या जागी ४४ दातांचं चक्र घातलं तर भागाकार ३.१४ होतो. चाकाची ओढ सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. पण इंजिनच्या ज्या फेऱ्यांवर आधी ४० चा वेग मिळत होता, तिथे आता ३८ मिळतो. तेवढंच अंतर कापायला इंजिन जास्त फेरे घेतं, म्हणून सपाट रस्त्यावर पेट्रोल थोडं जास्त जातं.

पुढच्या चक्राचा एक दात कमी केला, १४ चे १३, तर भागाकार ३.२३ होतो. एका दाताने ८ टक्क्यांचा फरक. मागचे तीन दात वाढवल्यासारखं झालं. म्हणून मेकॅनिक म्हणाला, "पुढचं लहान बसवून देतो, स्वस्तात काम होईल," तर हे लक्षात ठेवा की पुढचा एक दात हा मोठा बदल आहे. शिवाय चक्र जितकं लहान, तितकी चेन जास्त वाकून फिरते आणि लवकर झिजते. थोडा बदल हवा असेल तर तो मागच्या चक्रात करावा.

आपल्या गाडीला कोणते दात?

बहुतेक घरांसाठी माझं उत्तर एकच आहे: कंपनीने दिलेले. कंपनीने ते दोन माणसं, थोडं सामान, सपाट आणि चढ, सगळं धरून ठरवलेले असतात. कारण नसताना बदलू नका.

बदल कोणाला शोभतो? ज्यांच्या गाडीचं काम खरंच वेगळं आहे त्यांना. आपल्या अकोले तालुक्यात राजूर-भंडारदऱ्याकडच्या वाड्यांवर रोज चढाने दूध किंवा माल वाहणारी गाडी घ्या. ४० लिटरचे दोन कॅन भरले की नुसतं दूध ८२ किलोच्या वर होतं. कॅनचं वजन वेगळं. म्हणजे एका धट्ट्याकट्ट्या माणसापेक्षा जास्त ओझं रोज मागे बसतं. अशा गाडीला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रडत चढावं लागतं, क्लच जळतो. तिथे मागे दोन दात वाढवले तर फायदा कळतो.

तीच गाडी श्रीरामपूर-नेवाशाच्या सपाट रस्त्यावर दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर जात असेल, तर दात वाढवून काय मिळणार? इंजिनचा आवाज आणि पेट्रोलचं बिल. तिथे कंपनीचेच दात ठेवा.

काहीजण उलटं करतात. मायलेज वाढावं म्हणून पुढे एक दात जास्त, १४ चे १५. भागाकार २.८ होतो. कागदावर पेट्रोल वाचतं. पण वीस वर्षांच्या इंजिनला तेवढी ओढ कुठून येणार? थोडा चढ आला, समोरून वारा आला, की गिअर खाली टाकावा लागतो, रेस जास्त द्यावी लागते, आणि वाचलेलं पेट्रोल तिथेच जातं.

आणखी एक गोष्ट. गाडी चढाला दमते म्हणजे दातच कमी आहेत असं नाही. क्लच घसरत असेल, ब्रेक चाकाला चिकटून राहत असेल, एअर फिल्टर धुळीने भरला असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, तरी गाडी दमते. आधी ही चार कामं तपासून घ्या. त्यातलं काही निघालं तर दात बदलून दुखणं झाकलं जाईल, बरं होणार नाही.

आणि दात वाढवले म्हणून ओझं वाढवायचं नाही. चढ सोपा होतो, पण उतारावर तीच गाडी थांबवायला ब्रेक तोच जुना असतो.

तिसरा आकडा: कड्या किती?

चेनची लांबी कड्यांत मोजतात. रुंद कडी एक, तिच्या आतली अरुंद कडी दुसरी, दोन्ही वेगळ्या धरायच्या. गोंधळ होत असेल तर पिना मोजा. जितक्या पिना, तितक्या कड्या. इथेही नेलपॉलिशचा ठिपका कामाला येतो. ही संख्या सम येते. विषम आली तर मोजताना चूक झाली आहे, पुन्हा मोजा.

दात बदलले नाहीत तर कड्यांची संख्या गाडीच्या पुस्तकात दिली आहे तीच. दात वाढवले तर हिशेब असा: दोन दात वाढले की चेनला एक कडी जास्त लागते. चेन तेवढीच ठेवली तर चाक दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुढे सरकवून बसवावं लागतं. मागच्या चाकाच्या एक्सलला सरकायला एक लांबट खाच असते. नवी चेन बसवताना एक्सल तसाही खाचेत पुढेच असतो, कारण जुनी चेन झिजेल तसं चाक मागे घ्यायला जागा हवी असते. पुढे आणखी जागाच नसेल तर चेन जोडली जाणार नाही. तेव्हा जास्त कड्यांची चेन घ्यावी लागते, आणि ती दोन-दोन कड्यांनी वाढते. म्हणून दात बदलणार असाल तर चेन विकत घेण्याआधीच मेकॅनिकला एक्सलची जागा दाखवून कड्या ठरवा. दुकानदार कापलेली चेन परत घेत नाही.

दाताच्या संख्येबरोबर आणखी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पुढचं चक्र शाफ्टच्या खाचांवर बसतं, त्या खाचा जुळल्या पाहिजेत. मागचं चक्र बोल्टने बसतं, ती भोकं जुळली पाहिजेत. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुनी दोन्ही चक्रं काढून पिशवीत घालून दुकानात न्यायची आणि नव्यावर ठेवून बघायची. गाडी तेवढा वेळ उभी ठेवावी लागते, पण फेरी वाचते.

चेन कव्हर काढू देऊ नका

ही गोष्ट आपल्या बायकांच्या जिवाची आहे म्हणून वेगळी सांगते. मागे मोठं चक्र बसवलं की चेन कधीकधी कव्हरला घासते आणि खडखड आवाज येतो. त्यावर सोपा उपाय सांगितला जातो, कव्हरच काढून टाकू. असं अजिबात करू देऊ नका. साडीचा पदर, ओढणी, स्कार्फ उघड्या चेनमध्ये गेला की सोडवायला वेळ मिळत नाही. मागे बसलेली बाई क्षणात खेचली जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम याचसाठी आहे. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी, असं त्यात सांगितलं आहे. हाच आपला साडी गार्ड. कॅन लटकवायचा हूक बसवताना साडी गार्ड काढलेल्या कितीतरी गाड्या आपण बघतो. तो परत बसवून घ्या. एखादं चक्र चेन कव्हरमध्ये मावत नसेल तर ते चक्र आपल्या गाडीचं नाही, एवढा साधा नियम ठेवा.

बसवताना जवळ उभ्या राहा

काम मेकॅनिकच करेल. आपण चार गोष्टी बघायच्या.

एक, चेनच्या लॉकची क्लिप. तिचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला बंद तोंड हवं. चेनची वरची बाजू मागून पुढे पळते, म्हणून लॉक वरच्या बाजूला असताना बंद तोंड पुढे. उलट बसवली तर क्लिप कशाला तरी घासून निघून जाऊ शकते. लॉक नवंच वापरायचं, जुनं नाही.

दोन, मागच्या चाकाच्या हबमधले रबर. चक्र काढलेलं असतं तेव्हाच ते बघता येतात. झिजले, सैल झाले असतील तर गिअर टाकताना झटका बसतो आणि नव्या चेनलाही तोच झटका बसत राहतो. त्याच वेळी बदलून घ्या, पुन्हा मजुरी नको.

तीन, चाक सरळ. चेन ताणायच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंना खुणा असतात. डावीकडे जितव्या खुणेवर, उजवीकडे तितव्याच खुणेवर हवं. चाक तिरकं बसलं तर दात एका बाजूने खाल्ले जातात.

चार, चेनची ढील. डबल स्टँडवर, खालच्या बाजूला, दोन चक्रांच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करा. लहान मोटारसायकलींना साधारण एक इंचाच्या आसपास हलली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवत फिरवत बघा आणि जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धरा. "एकदम टाइट करा" असं म्हणू नका. कॅन लावले, माणूस बसला की मागचे शॉकअप दबतात आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच ताठ असलेली चेन मग बेअरिंगही खाते आणि स्वतःही तुटते.

काम झालं की जुनी चेन आणि चक्रं परत मागा आणि बिल घ्या. बिलावर तिन्ही आकडे लिहून घ्या. पुढच्या वेळी शोधाशोध नको.

नंतरची निगा

नवी चेन बसली की पहिल्या काही दिवसांत थोडी ढिली होते, आठवड्याने तपासून घ्या. पुढे साधारण ५०० किलोमीटरला, पावसाळ्यात चिखलातून जाणं असेल तर त्याआधीच, चेन साफ करून तेल द्या. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि मग ९० नंबरचं गिअर ऑइल कड्यांच्या सांध्यांवर थेंब थेंब सोडा. जास्तीचं पुसून घ्या. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात धातूची कीस आणि घाण असते. ती सांध्यात जाऊन कानशीसारखं काम करते.

आणि हे पोरांना बजावून सांगा: चेन पुसताना इंजिन बंद, चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फडकं धरलं की फडक्याबरोबर बोट चक्रात जातं.

गटात काय करता येईल?

पुढच्या बैठकीत ज्या ज्या घरी मोटारसायकल आहे त्या ताईंनी आपापल्या गाडीचे आकडे आणावेत आणि गटाच्या वहीत एका पानावर लिहून ठेवावेत. गाडी दुरुस्तीसाठी कुणी कर्ज मागितलं तर ते पान उघडायचं आणि विचारायचं: किती कड्या, किती दात, तिन्ही वस्तू एकदम घेणार का? हा अविश्वास नव्हे. शेळी घेताना आपण दात बघतोच की! मग गाडीचे दात बघायला कसली लाज?

दुकानात चिठ्ठी घेऊन कोणीही जावं, दादा जावोत, मुलगा जावो नाहीतर तुम्ही स्वतः. चिठ्ठीवरचे आकडे मात्र तुम्ही मोजलेले असू द्या. "ताई, यातलं तुम्हाला काय कळणार" असं कुणी म्हणालं तर चिठ्ठी पुढे करा. आकड्यांवर वाद घालता येत नाही.

चिठ्ठीवर लिहायचं ते

१. गाडीचं नाव, मॉडेल आणि साल (आरसीवरून).
२. चेनचं माप: ४२०, ४२८ की ४२८ एच.
३. पुढच्या चक्राचे दात. मागच्या चक्राचे दात. गाडीवरचे आणि कंपनीचे, दोन्ही लिहा.
४. चेनच्या कड्या (पिना मोजून).
५. गाडीचं रोजचं काम: ओझं किती, रस्ता चढाचा की सपाट.
६. सोबत हवं: नवं लॉक, गरज असल्यास हबचे रबर.
७. चेन कव्हर आणि साडी गार्ड जागेवर परत बसवले का? काम झाल्यावर खूण करा.

मैत्रिणींनो, स्टीलची टेप आणि नेलपॉलिशची बाटली, एवढंच सामान लागतं. या रविवारी सकाळी अंगणात गाडी डबल स्टँडवर लावा आणि २० कड्या मोजा. १० इंच भरतात की जास्त, ते बैठकीत येऊन सांगा.